रेसिंग गेममध्ये दुसऱ्याचा सेटअप (टायर, ब्रेक, स्प्रिंग वगैरेची लावणी) टाकला की माझी गाडी गोल फिरते. ट्रॅकनुसार आणि आपल्या हातानुसार गाडी लावायची कशी?

दुधनाकाठ (परभणी), शुक्रवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथले धागे वाचतोय, लिहायला पहिल्यांदाच बसलोय.

सहा महिन्यांपूर्वी एक जुना स्टेअरिंग-पेडलचा सेट विकत घेतला. टेबलाला घट्ट आवळून बसवलाय आणि रोज रात्री तासभर असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने खेळतो (पुढे नुसतं एसीसी लिहितो). गाडी एकच, बीएमडब्ल्यू एम४ जीटी३. सारखी गाडी बदलली की काहीच शिकणं होत नाही असं इथेच वाचलं होतं, ते पाळतोय.

इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर गेमसोबत येणाऱ्या 'सेफ' सेटअपवर माझी फेरी १:५०.४ ला होते. दर शनिवारी आम्हा आठ-दहा जणांची शर्यत असते, त्यात मी कायम शेवटून दुसरा किंवा तिसरा. मागच्या आठवड्यात एका फार वेगवान खेळाडूचा सेटअप हाती लागला. तो त्यावर १:४७ ची फेरी मारतो. मी तोच टाकला तर पाच फेऱ्यांत गाडी तीनदा गोल फिरली. एकदा अस्कारी वळणात शिरताना, दोनदा लेस्मोच्या दुसऱ्या वळणातून निघताना. एकच फेरी नीट पूर्ण झाली, तीही १:५१.२.

चांगला सेटअप टाकून मी आठ दशांशाने हळू झालो, हे मला समजतच नाही. कोणतं बटण काय करतं याचे व्हिडिओ पाहिलेत, पण गाडीत बसलो की त्यातलं काही आठवत नाही. आपल्या भाषेत कुणी समजावून सांगेल का? आणि सुरुवात कुठून करायची?

रात्रपाळी (वाळूज), शुक्रवार, रात्री ११:५०

दुधनाकाठ, ये. मी शॉकअपच्या टेस्टिंगला काम करतो, त्यामुळे हा विषय दिसला की राहवत नाही. पण आधी चार गोष्टी सांग.

गेममध्ये हवेचं तापमान किती ठेवलं होतं? तीन-चार फेऱ्या झाल्यावर चारही टायरमध्ये हवा किती दाखवत होती? ब्रेकचं पेडल स्प्रिंगवरचं आहे की लोडसेलचं? आणि गाडी नेमकी कधी सुटते: ब्रेकवर पाय असताना, वळणाच्या मधोमध, की गॅस दिल्यावर? 'अस्कारीत फिरली' एवढ्यावर कुणी उपाय सांगितला तर तो अंदाजच असणार. एकच वळण, पण शिरताना सुटली तर औषध वेगळं आणि निघताना सुटली तर वेगळं.

नांदेडी_पॅड, शनिवार, सकाळी ८:०५

भाऊ, एवढ्या खोलात जायची गरज नाही. मागचा अँटिरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) कडक कर. बार कडक केला की वजन एका बाजूकडून दुसरीकडं सरकतच नाही, गाडी सपाट राहते आणि पकड वाढते. मी फोर्झा होरायझन ५ या गेममध्ये प्रत्येक गाडीला हेच करतो, एकदम छान वळते.

दुधनाकाठ (परभणी), शनिवार, सकाळी ९:३०

रात्रपाळी सर, तुम्ही विचारलेलं सगळं बघून आलो.

हवेचं तापमान ३१ अंश. आमच्या शर्यतीचा होस्ट मुद्दाम तेवढं ठेवतो. टायरमध्ये गरम झाल्यावर पुढे २८.३ आणि मागे २८.६. पेडल स्प्रिंगवरचं. अस्कारीत फिरली तेव्हा मी अजून ब्रेकवर होतो आणि स्टेअरिंग वळवायला लागलो होतो. लेस्मोत मात्र दोन्ही वेळा गॅस दिल्यावर सुटली.

रात्रपाळी (वाळूज), शनिवार, दुपारी १:२०

नुसतं दादा म्हण, सर नको.

आता चित्र स्पष्ट झालं. सगळ्यात आधी हवा. एसीसीत कोरड्या टायरला गरम असताना २६ ते २७ पीएसआय लागते. तू २८.६ वर पळतोयस. टायर मधून फुगलाय, जमिनीला कमी टेकतोय. अशा टायरवर कुणाचाही सेटअप टाकला तरी गाडी बर्फावर असल्यासारखी वागणार.

आणि यात त्या सेटअपवाल्याची काही चूक नाही. सेटअपमध्ये साठवलेली हवा ही गार टायरची असते. त्याने तो बहुतेक थंड हवेत बनवला असणार. तुझ्याकडे ३१ अंश. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंश वाढलं की टायरमध्ये साधारण १ पीएसआय वाढते. परभणीच्या मे महिन्यात पंक्चरवाला काय सांगतो आठव: हवा सकाळी गार टायरला बघा, दुपारी पळून आल्यावर आकड्यावर जाऊ नका. तेच शास्त्र गेममध्ये लिहिलेलं आहे.

आज फक्त एवढंच कर. चारही टायरची हवा दीड-पावणेदोनने उतरव आणि पाच फेऱ्या मार. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आकडा चढत राहतो, तो थांबला की मग वाच. दुसऱ्या कशालाही हात लावू नको, नाहीतर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

नांदेडी, तुझा सल्ला मात्र इथं उलटा पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वळणात बाहेरच्या चाकांकडे एकूण किती वजन जाणार हे चार गोष्टींवर ठरतं: गाडी किती जड, तिचा गुरुत्वमध्य किती उंच, दोन चाकांमधलं अंतर किती आणि तू किती जोरात वळतोयस. बार कडक केल्याने गाडी कमी कलते हे बरोबर, पण एकूण वजन तेवढंच सरकतं. बार फक्त वाटणी ठरवतो, की त्यातलं किती पुढच्या जोडीने घ्यायचं आणि किती मागच्या.

ही वाटणी महत्त्वाची का, तर टायरवरचं वजन दुप्पट केलं तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत वजनाची उलथापालथ जास्त, ती जोडी एकूण पकड गमावते. मागचा बार कडक केला की मागची जोडी गमावते आणि शेपूट मोकळं होतं. तुझ्या फोर्झातल्या बहुतेक गाड्या रस्त्यावरच्या आहेत. कारखान्यातून त्या मुद्दाम अशा लावलेल्या असतात की चुकलं तर नाक बाहेर जावं, शेपूट नाही, कारण साध्या चालकाला ते सांभाळता येतं. त्या जड नाकाला तुझा कडक मागचा बार खरंच उपयोगी पडतो. दुधनाकाठची गाडी आधीच मागून सुटतीय, तिला तो दिला तर अस्कारीच काय, पहिल्या शिकेनलाच (सरळ रस्त्यात मुद्दाम टाकलेल्या डाव्या-उजव्या वळणाला) फिरेल.

नांदेडी_पॅड, शनिवार, दुपारी १:४४

हे मला खरंच माहीत नव्हतं दादा. चार वर्षं मी पकड वाढते असंच समजत होतो. आता कळलं की मागची कमी होते म्हणून नाक वळतं.

काळीमाती (वसमत), शनिवार, संध्याकाळी ६:१५

राम राम. मी शेती करतो, वेळ मिळाला की ग्रॅन टुरिस्मो ७ खेळतोव, पॅडवरच (हातात धरायच्या कंट्रोलरवर). दादांएवढं शास्त्र मला येत नाही, पण डिफरन्शियल मला पोरांच्या व्हिडिओपेक्षा चांगलं कळतंय, कारण घरी ट्रॅक्टर हाय.

पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टर फसला की मागचं एक चाक गरगर फिरतंय आन् दुसरं जागचं हलत नाही. इंजिनात दम असून काय उपयोग? ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहतंय. मग पायाजवळचं डिफरन्शियल लॉक दाबायचं. दोन्ही चाकं संगंच फिरायला लागतेत आन् ट्रॅक्टर वर येतोय. पर लॉक तसंच ठेवून स्टेअरिंग वळवलं तर ट्रॅक्टर वळायला तयार होत नाही, सरळ जायला बघतंय. म्हणून आमचे वडील आधी ओरडायचे, 'लॉक सोड आन् मग वळ!'

गेममधलं एलएसडी म्हणजे हेच लॉक, फक्त थोडं थोडं दाबता येणारं. जीटी ७ मध्ये त्याचे तीन आकडे हायत. पहिला सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे लॉक कायमचं किती दाबून ठेवायचं. दुसरा गॅसवर किती दाबायचं. तिसरा ब्रेकवर किती दाबायचं.

गॅसवरचा आकडा लई कमी ठेवला तर वळणातून निघताना आतलं चाक रानातल्यासारखं रिकामं फिरतंय. लई वाढवला तर दोन्ही चाकं संगं ढकलतेत, नाक बाहेर जातंय, आन् मागून चालणाऱ्या ताकदीच्या गाडीत पकड सुटली की दोन्हीची एकदमच सुटतीय. मग शेपूट कुठं जाईल याचा नेम नाही. ब्रेकवरचा आकडा वाढवला की वळणात शिरताना गाडी सरळ आन् शांत राहतीय, पर वळायला जड होतीय. मी आधी हा ब्रेकवरचा आकडा जमवतो, कारण माझी गडबड शिरतानाच होतीय.

आणखी एक. उसाचे दिवस आले की कारखान्याच्या रस्त्याला उभं राहून बघा. भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढाला लागला की नाक हलकं होतंय. स्टेअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं नुसती घासत जातेत. म्हणून तर पुढं लोखंडी वजनं लावतेत. गाडीत गॅस दिला की तेच होतंय, वजन मागं जातंय आन् नाक वळत नाही. माझा पुतण्या म्हणायचा, काका, गाडी वळतच नाही, सेटिंग बदलून द्या. मी मागं बसून बघितलं. पोरगं वळणाच्या मधीच गॅस देत होतं. सेटिंगला हात नाही लावला, गॅस उशिरा द्यायला लावला, आन् गाडी वळायला लागली.

रात्रपाळी (वाळूज), शनिवार, संध्याकाळी ७:०२

काळीमाती काका, डिफरन्शियल एवढं नीट आमच्या प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नाही. दुधनाकाठसाठी एक जोड देतो: एसीसीत डिफरन्शियलचा फक्त प्रीलोड बदलता येतो, म्हणजे काकांनी सांगितलेला पहिला आकडा. वेगवान लोकांच्या सेटअपमध्ये तो बऱ्याचदा कमी असतो. गाडी चटकन वळते, पण ब्रेकवरून गॅसवर येताना मागचं अंग मोकळं राहतं.

मांजराकाठ (लातूर), शनिवार, रात्री ९:१०

मी लातूरला मुलांना यंत्र अभियांत्रिकी शिकवते आणि रात्री रॅली खेळते. डर्ट रॅली २.० आणि जुन्या लॅपटॉपवर २००४ चा रिचर्ड बर्न्स रॅली. तो अजून चालतो आणि अजून शिकवतो, चांगला संगणक नसलेल्यांनी जरूर बघावा.

इथे अजून कुणी हाताबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. दुधनाकाठ, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच वळायला लागता. ही वाईट सवय नाही, वेगवान लोक हेच करतात. ब्रेकवर वजन पुढे असतं, पुढच्या टायरला पकड मिळते, नाक आत खेचलं जातं. पण त्याच क्षणी मागची चाकं हलकी झालेली असतात. वेगवान माणूस ब्रेक कागद सरकवल्यासारखा हळूहळू सोडतो, म्हणून मागची चाकं तग धरतात. त्यासाठी त्याचा पाय तयार असतो आणि बऱ्याचदा लोडसेलचं पेडल असतं, जे दाबाचं वजन मोजतं. तुमचं स्प्रिंगचं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. त्यावर शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत बारकाईने सोडणं कठीण जातं. ब्रेक एकदम सुटतो किंवा चुकून जास्त राहतो, आणि गाडी फिरते.

त्या खेळाडूने ब्रेकचा तोल (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) मागे सरकवलेला असणार. त्याच्या पायाला ते झेपतं. तुम्ही तो एक टक्का पुढे न्या आणि बघा. पुढे नेल्यावर गाडी वळायला जराशी आळशी वाटेल, पण शिरताना विश्वास बसेल. विश्वास बसला की ब्रेक उशिरा लावायची हिंमत येते आणि वेळ तिथेच सापडतो.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आधी पूर्ण ब्रेक लावून संपवतात, मग वळतात, मग लवकर गॅसवर जातात. वळणाचा आकार त्यांच्या हाती इंग्रजी व्ही सारखा होतो. त्यांना शिरताना स्थिर गाडी नकोच असते. त्यांना निघताना मागचे टायर पकडून ठेवणारी गाडी हवी: मागचा बार मऊ, मागचा पंख (वेगात हवेच्या जोराने गाडीला खाली दाबणारी पट्टी) थोडा जास्त. दुसरे वळणभर वेग वाहू देतात, गोलाकार जातात. त्यांना मधोमध तोल हवा. एकाच मोंझावर एकाच गाडीचे दोन सेटअप, दोन्ही बरोबर. मी वर्गात हे दाखवते तेव्हा मुलं आधी विचारतात, 'मॅडम, पण यातला वेगवान कुठला?' आणि मला दोघांचे वेळ फळ्यावर लिहावे लागतात. शेवटच्या वेळी फरक एक दशांशाचा होता.

दुधनाकाठ (परभणी), शनिवार, रात्री १०:४०

ताई, दादा, काका, शर्यतीआधी एवढंच जमलं. हवा उतरवली. आता गरम झाल्यावर पुढे २६.७ आणि मागे २६.८. बाकी तोच सेटअप. पाच फेऱ्यांत गाडी फिरली नाही! उत्तम फेरी १:४९.९. माझी आजवरची सगळ्यात वेगवान.

लेस्मोतून निघताना मात्र अजून शेपूट हलतं, जीव मुठीत धरून गॅस देतो. ब्रेकचा तोल उद्या.

मांजराकाठ (लातूर), शनिवार, रात्री १०:५५

छान! आता एक वही करा. तारीख, तापमान, काय बदललं, काय वाटलं आणि वेळ. काय वाटलं हे वेळेआधी लिहायचं. वेळ बघितला की मन आपोआप त्याला जुळणारी भावना आठवतं.

रात्रपाळी (वाळूज), रविवार, पहाटे ५:३०

पाळी संपवून आलोय, झोपायच्या आधी लिहितो.

लेस्मो. दोन गोष्टी तपास. एक, ट्रॅक्शन कंट्रोलचा (गॅस दिल्यावर चाकं रिकामी फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा) आकडा. वेगवान सेटअपमध्ये तो कमी असतो. दोनने वाढव. लाज वाटायचं काही कारण नाही, जीटी३ च्या खऱ्या गाड्यांतही तो असतो आणि खरे चालक तो वापरतात. दोन, मागचा बार एक पायरी मऊ. आधी पहिलं कर, मग दुसरं.

आता पंख. बऱ्याच जणांचा इथं गोंधळ होतो. पंखावरचा हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० च्या वेगाला पंख जेवढं दाबतो त्याच्या नऊपट २४० ला दाबतो. म्हणून गाडी हळू वळणात सुटत असेल तर पंखाला दोष देऊ नका, तिथं बार, स्प्रिंग, डिफरन्शियल आणि टायर बोलतात. फक्त वेगवान वळणात सुटत असेल तर पंख आणि गाडीची उंची बघा. मागची उंची वाढवली की नाक खाली जातं, पुढचा दाब वाढतो आणि वेगात शेपूट हलकं होतं. कुठल्या वळणात काय होतंय हे लिहायला लावतो ते याचसाठी.

ट्रॅकचा फरक इथंच येतो. मोंझा ५.७९३ किलोमीटरचा, लांब सरळ रस्ते आणि मध्ये शिकेन. फॉर्म्युला वनच्या गाड्या वर्षातला सगळ्यात कमी पंख तिथं लावतात. मोनॅको ३.३३७ किलोमीटर, सगळा गल्लीबोळांचा, तिथं सगळ्यात जास्त. अवघड आहे स्पा, ७.००४ किलोमीटर. ओ रूजमधून वर चढलं की केमेलचा लांब सरळ रस्ता, तिथं कमी पंख हवा. पुढे मधला भाग पुऊऑंसारख्या वेगवान वळणांचा, तिथं जास्त हवा. दोन्ही मिळत नाही. शर्यतीत सरळ रस्त्यावर कुणी ओलांडू नये म्हणून लोक पंख कमी ठेवतात, एकट्याने वेळ मारायचा तर जास्त. आणि ओ रूजच्या तळाला गाडी जमिनीवर दाबली जाते, तिथं फार खाली बसवलेली गाडी पोट घासते. मोंझाची उंची तशीच स्पाला नेऊ नका.

मोंझाच्या शिकेनमध्ये कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्ट्यावर) चढल्यावर गाडी उडत असेल तर शॉकअपचा फास्ट बम्प मऊ करा. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. गाडी शेवटी किती खाली बसणार हे स्प्रिंग ठरवते. ती किती वेळात बसणार आणि किती वेळात वर येणार हे शॉकअप ठरवतो. बम्प म्हणजे दबतानाचा विरोध, रिबाउंड म्हणजे उघडतानाचा. हळू हालचाल ही ब्रेक, वळण, गॅस यांची. झटक्याची हालचाल ही कर्बची आणि खड्ड्याची. एसीसीत दोन्हींचे आकडे वेगळे आहेत. लोक ब्रेकवर नाक डुबकतं म्हणून फास्ट बम्प कडक करतात. नाक तसंच डुबकतं, आणि कर्बवर मात्र गाडी उड्या मारायला लागते. आकडा चुकीच्या रकान्यात गेला एवढंच. नाकाला साधा बम्प हवा होता.

नांदेडी_पॅड, रविवार, सकाळी १०:१०

मंडळी, माझाही प्रश्न घ्या. फोर्झा होरायझन ५ मध्ये मी लोकांच्या सेटअपचे शेअर कोड टाकतो. ए वर्गात, म्हणजे गाडीच्या कामगिरीचा आकडा ८०० पर्यंत, ठीक चालतं. एस२ ला, ९९८ ची गाडी घेतली की डांबरावर पळते पण पॅडवर सांभाळता येत नाही. आणि डोंगरातल्या शर्यतीत तीच गाडी नुसती उडते.

मांजराकाठ (लातूर), रविवार, सकाळी ११:३०

डोंगरातली गाडी वेगळीच ठेवा, एकाच गाडीचे दोन ट्यून साठवता येतात. कच्च्या रस्त्यावर टायरने जमीन सोडायची नाही हा एकच विचार. स्प्रिंग मऊ, उंची जास्त, दोन्ही बार मऊ म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं त्याच्यासोबत ओढलं जात नाही. फिनलंडच्या टेकाडांवरून उडून खाली आल्यावर गाडी परत उसळत असेल तर रिबाउंड वाढवा, पण फार नको, नाहीतर सलग खड्ड्यांत चाक उघडायच्या आतच पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खालीच बसत जाते. डांबरावरच्या रॅलीत याच्या बरोबर उलट, खाली आणि कडक. बर्फात टायर अरुंद घेतात, म्हणजे वरचा भुसभुशीत थर कापून खाली पोहोचतात.

आणि पॅडचं. अंगठ्याची काडी सेंटिमीटरभर हलते, स्टेअरिंग मात्र दोन-अडीच फेरे फिरतं. म्हणजे तुमची प्रत्येक हालचाल मोठी आणि झटक्याची होते. गाडी त्या झटक्याला माफ करणारी हवी. पुढचा बार थोडा कडक, मागचा मऊ, मागचा पंख जास्त, गॅसवरचं लॉक मध्यम. कागदावर ती गाडी हळू दिसते, पण तुमच्या हातात जास्त पळेल. शेअर कोडवाल्याने ती स्टेअरिंगवर बनवली की पॅडवर, हे आधी बघत जा.

कन्नडघाट, रविवार, दुपारी ४:००

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. मला जर्मनीतल्या नॉर्डश्लायफ ट्रॅकचं वेड आहे. २०.८ किलोमीटर, १९२७ पासूनचा रस्ता, सर्वांत वरच्या आणि खालच्या टोकात सुमारे ३०० मीटरचा फरक. औट्रम घाटातून चाळीसगावकडे उतरताना बसच्या खिडकीतून जे वळण लहानपणी बघितलं तेच तिथं दर पाचशे मीटरला दिसतं. वर दादांनी लिहिलेलं सगळं तिथं लागू पडतं, फक्त एक गोष्ट वाढवून: तिथे गाडी आदर्श लावायचा नाद सोडावा लागतो. फ्लुगप्लाट्झला गाडी हवेत जाते, कारुसेलमध्ये सिमेंटच्या पट्ट्यावर चाकं आपटत जातात आणि शेवटी ड्योटिंगर ह्योचा लांबच लांब सरळ रस्ता. मी गाडी मोंझापेक्षा उंच आणि मऊ ठेवतो, पंख मध्यम, आणि ब्रेकचा तोल नेहमीपेक्षा पुढे, कारण उतारावर ब्रेक लावताना मागची चाकं आणखीच हलकी होतात. टॉप गिअरचा हिशोब त्या सरळ रस्त्याच्या शेवटावर: इंजिन तिथंच लाल रेघेला पोहोचलं पाहिजे, आधी नाही.

आपल्याकडचा बुद्ध सर्किट कुणी चालवतं का? ५.१२५ किलोमीटर. २०११ ते २०१३ तीन वर्षं तिथं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा वेटेल जिंकला. त्या वर्षांच्या अधिकृत एफ१ गेममध्ये तो ट्रॅक आहे. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, आणि पुढं दहा-अकराचं ते संपतच नाही असं वाटणारं उजवं वळण. तिथे पुढचा डावा टायर अक्षरशः भाजून निघतो. मी सरळ रस्त्यावरचा वेग सोडून त्या वळणासाठी पंख ठेवतो. आपल्या देशातला ट्रॅक म्हणून त्यावर जास्त जीव आहे, एवढं कबूल करतो.

काळीमाती (वसमत), रविवार, संध्याकाळी ७:४५

कन्नडघाट, तुमचं वाचून जीटी ७ मध्ये नॉर्डश्लायफ लावलं. अर्धी फेरी झाली आन् लाइट गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही चालत नाही. उद्या पुन्हा.

दुधनाकाठ (परभणी), सोमवार, रात्री ११:३०

वहीत लिहून लिहून केलं, क्रमाने सांगतो.

ब्रेकचा तोल १ टक्का पुढे: अस्कारीत शिरताना गाडी शांत. वाटलं की हळू झालो, पण फेरी १:४९.६. ताईंचं खरं निघालं, मी दहा मीटर उशिरा ब्रेक लावायला लागलो होतो आणि मला ते कळलंही नव्हतं.

ट्रॅक्शन कंट्रोल दोनने जास्त: लेस्मोतून पूर्ण गॅस आधी देता येतो. १:४९.२.

मागचा बार एक पायरी मऊ: इथे मात्र पॅराबोलिका वळणात नाक बाहेर जायला लागलं. १:४९.५. परत पूर्वीसारखा केला.

फास्ट बम्प मऊ: पहिल्या शिकेनचा कर्ब आता निवांत ओलांडतो. १:४८.९.

त्या वेगवान माणसाच्या सेटअपमधली हवा, ब्रेकचा तोल, ट्रॅक्शन कंट्रोल आणि फास्ट बम्प आता माझे झाले, पंख, स्प्रिंग, बार वगैरे अजून त्याचेच आहेत. शनिवारच्या शर्यतीत मी पाचवा आलो होतो, ते फक्त हवा उतरवून. आता येत्या शनिवारची वाट बघतोय, पण होस्टने कळवलंय की ट्रॅक स्पा, तापमान १४ अंश आणि निम्म्या शर्यतीत पाऊस. म्हणजे हवेपासून सगळं नव्याने. पावसाला काय करू?

रात्रपाळी (वाळूज), मंगळवार, पहाटे ५:५०

बार परत फिरवलास हे सगळ्यात चांगलं केलंस. मी सांगितलं म्हणून ठेवला नाहीस.

पावसाचे टायर वेगळे असतात आणि त्यांना हवा जास्त लागते, कोरड्याचा आकडा तिथं चालणार नाही. १४ अंशात तुझ्या आजच्या सेटअपची हवा २५ च्या आसपासच राहणार, म्हणजे आता वर चढवायची आहे. ओल्यात सगळंच मऊ: बार, शॉकअप. पंख वाढव, ट्रॅक्शन कंट्रोल वाढव, ब्रेकचा तोल एखादा टक्का मागे, कारण ओल्यात ब्रेक कमी बसतो, नाक कमी डुबकतं आणि पुढची चाकं आधी लॉक होतात. उंची किंचित वाढव, पाण्यावर पोट टेकायला नको.

माझी या आठवड्यात दुपारची पाळी आहे, रात्री साडेअकरानंतर घरी असतो. बुधवारी स्पाला कोरड्यात दहा फेऱ्या मार आणि चारही टायरचे आकडे इथं टाक. पावसाचं गुरुवारी बघू.